डबी बदलण्याआधी मामाचं ऐक

बाळा, झहीर खान आपल्या श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. नगर जिल्ह्याच्या या दोन लेकरांची कार्डं तू एवढ्या हौसेनं जमवतोस याचं मला फार कौतुक आहे. आता तुझ्या डोक्यात घोळतंय की अमेरिकेतल्या एका कंपनीकडून ग्रेड करून घेतलेल्या कार्डांनंतर पुढची खेप दुसऱ्या कंपनीकडे पाठवावी का. खुशाल पाठव. कांदा नेप्तीला न्यायचा की घोडेगावला, हे आपला शेतकरी भाव, गाडीभाडं आणि पट्टी कधी हातात पडते यावर ठरवतो, तसंच हे. फक्त आपण का बदलतोय हे आधी ठाऊक असावं. ते ठाऊक नसलं की पैसे जातात आणि कार्ड होतं तसंच राहतं. चहा घे आणि सावकाश वाच. एका दमात संपवायची घाई नाही.

आधी कंपन्यांची ओळख

१. ग्रेडिंग म्हणजे कार्ड भिंगाखाली तपासून १ ते १० असा शेरा द्यायचा आणि ते सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये बंद करायचं — कोलकात्याचं किंवा लंडनचं गिऱ्हाईक कार्ड हातात न घेता पैसे मोजतं ते या शेऱ्याच्या भरवशावर.

२. पीएसए (१९९१), एसजीसी (१९९८), बेकेट म्हणजे बीजीएस (१९९९) आणि सीजीसी ही चार नावं तोंडपाठ ठेव — संग्राहकांची ये-जा मुख्यतः या चौघांतच चालते.

३. सीजीसीने कार्डांत पाऊल टाकलं २०२० साली, खेळांच्या कार्डांसाठी २०२१मध्ये सीएसजी नावाने वेगळी शाखा काढली आणि २०२३मध्ये दोन्ही एकाच नावाखाली आणल्या — म्हणून कुणी सीएसजीची डबी दाखवली तर लगेच बनावट म्हणून नाक मुरडू नकोस.

४. हा सगळा रिवाज नाण्यांच्या बाजारातून आलाय. नाण्यांची पीसीजीएस १९८६ची आणि ती पीएसएच्या घरातली, एनजीसी १९८७ची आणि ती सीजीसीच्या घरातली — नाणी जमवणारा कुणी जाणता माणूस भेटला तर त्याच्याजवळ बस, तुझे आजचे प्रश्न त्याने आधीच सोडवलेले असतात.

५. मालक कोण ते बघत जा. पीएसएच्या मालक कंपनीने, कलेक्टर्सने, फेब्रुवारी २०२४मध्ये एसजीसीही विकत घेतली — पीएसएवर रुसून एसजीसीकडे गेलास तरी फी त्याच घरात पोचते.

६. जुन्या एसजीसी डबीवर ८८ किंवा ९६ असा आकडा दिसला तर गोंधळू नकोस. पूर्वी त्यांचा शेरा शंभरापैकी असायचा — ८८ म्हणजे आजचा ८ आणि ९६ म्हणजे आजचा ९.

७. पीएसएच्या मोजपट्टीवर ९ नंतर थेट १० येतो, ९.५ नाहीच, बेकेटकडे मात्र ९.५ला ‘जेम मिंट’ म्हणतात — या अर्ध्या गुणापायीच कित्येकांची कार्डं एका कंपनीतून दुसरीकडे फिरत असतात.

लोक कंपनी का बदलतात

८. पहिलं कारण वाट पाहणं. मार्च २०२१च्या अखेरीस पीएसएने आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवल्या, कारण तीन महिन्यांत आली नव्हती एवढी कार्डं तीन दिवसांत आली असं कंपनीनेच सांगितलं — तेव्हा दुसरं दार ठोठावलेले काहीजण तिकडेच रमले.

९. दुसरं कारण फी. स्वस्त पडतं म्हणून बदलण्यात गैर काहीच नाही, पण स्वस्त डबीला विकताना किती कमी मिळतं तेही बघ — फीत वाचलेले पाचशे विक्रीत पाच हजारांनी जाऊ शकतात.

१०. तिसरं कारण विक्री. नव्या कार्डांत पीएसए १०ला गिऱ्हाईक सहसा लवकर मिळतं, म्हणून विकायचंच असेल तर लोक तिकडे वळतात — ज्या पेठेत विकणं, त्या पेठेचा शेरा घेणं.

११. चौथं कारण शेऱ्यामागचा हिशेब. बेकेट मधोमधपणा, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग यांचे वेगवेगळे गुण डबीवरच छापून देऊ शकतं — एकटा ‘९’ बघून मन खट्टू होतं, पण कोपऱ्याला कमी पडले हे कळलं की माणूस शिकतो.

१२. बेकेटकडे चारही बाजूंना १० मिळाले तर काळं लेबल लागतं, आणि सीजीसीकडे १०चेच दोन प्रकार आहेत, जेम मिंट आणि त्यावर प्रिस्टीन — कार्ड खरोखर निर्दोष आहे अशी खात्री असणारे लोक या वरच्या पायरीसाठी कंपनी बदलतात.

१३. पाचवं कारण कार्डाचं वय. जुन्या कार्डांच्या संग्राहकांत एसजीसीला मान आहे; ऑगस्ट २०२२मध्ये १९५२चं मिकी मँटल हे बेसबॉलचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं ते एसजीसी ९.५च्या डबीत — एकच कंपनी सगळ्या कार्डांना श्रेष्ठ, असं कुणी सांगितलं तर हा आकडा त्याला सांग.

१४. सहावं कारण संच. पीएसएच्या सेट रजिस्ट्रीत, म्हणजे संचांच्या नोंदवहीत, पीएसएचीच कार्डं मोजली जातात, त्यामुळे तिथे नाव लावायचं असेल तर बाकीच्या डब्या बदलाव्या लागतात — ही चढाओढ गोड आहे, पण खर्चीक आहे, आणि ती खेळायची की नाही हे आधी ठरव.

१५. सातवं कारण दिसणं. एसजीसीच्या काळ्या चौकटीत जुनं फिकट कार्ड उठून दिसतं, आणि केवळ तेवढ्यासाठी बदलणारेही आहेत — रोज आपल्यालाच बघायचं असतं, तेव्हा डोळ्यांना बरं वाटणं हेही कारणच आहे.

१६. आठवं कारण पारदर्शकता. टॅग नावाची नवी कंपनी यंत्राने छायाचित्रं काढून हजारापैकी गुण देते आणि दोष कुठे आहे ते दाखवते — ज्यांना ‘का’ हे कळल्याशिवाय झोप येत नाही, ते तिकडे जातात.

१७. नववं कारण वाढीव आकारणी. कार्डाला चांगला शेरा मिळून त्याची किंमत तू निवडलेल्या सेवेच्या मर्यादेपलीकडे गेली तर पीएसए वरच्या सेवेची फी लावतं — आनंदाच्या बातमीबरोबर बिलही येईल, त्याची तयारी ठेव.

१८. आणि दहावं कारण राग. अपेक्षा १०ची, हातात आला ८, की लोक त्याच रात्री दुसऱ्या कंपनीचा अर्ज भरतात — रागात भरला अर्ज, त्याला नसते गरज. आठ दिवस थांब, कार्ड पुन्हा दिव्याखाली धर, मग बघ.

१९. शेरा म्हणजे जाणत्या माणसाचं मत, विज्ञानाचा सिद्धांत नव्हे. तेच कार्ड त्याच कंपनीकडून दोनदा तपासलं तरी वेगळा शेरा येऊ शकतो — एका खेपेवरून कंपनीला चांगलं-वाईट ठरवू नकोस.

पाठवण्याआधी घरच्या घरी

२०. रात्री खोलीतले बाकी दिवे घालव, टेबलावरचा एकच दिवा ठेव आणि कार्ड त्याच्यासमोर तिरकं धरून हळूहळू फिरव — समोरून न दिसणारा केसाएवढा ओरखडा तिरक्या उजेडात चटकन चमकतो.

२१. दहापट मोठं दाखवणारं भिंग घे आणि चारही कोपरे पुढून-मागून बघ. कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिसला की १०ची आशा सोड — आधी भिंग, मग फी, हा क्रम कधी उलटा करू नकोस.

२२. मधोमधपणा पट्टीने मोज: डावीकडची किनार ३ मिलिमीटर आणि उजवीकडची २ असेल, तर ते ६०-४० झालं — पीएसए १०साठी पुढची बाजू आता सुमारे ५५-४५च्या आत लागते, म्हणजे हे कार्ड तिथे अडकणार हे फी भरण्याआधीच कळलं.

२३. कार्ड बरंच बाजूला सरकलेलं छापलं असेल तर पीएसए शेऱ्यापुढे ‘ओसी’ अशी खूण लावू शकतं, बेकेट अशा खुणा लावत नाही — ‘९ ओसी’ला नुसत्या ९चा भाव मिळत नाही, म्हणून असं कार्ड कुठे पाठवायचं याचा वेगळा विचार कर.

२४. कार्डाची मापंही घे. नेहमीचं कार्ड साधारण ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटरचं असतं — एखादी बाजू कमी भरली तर कुणीतरी खराब कड कापून काढलेली असण्याचा संभव आहे.

२५. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं नाव लक्षात ठेव. त्याचं १९०९ ते १९११च्या काळातलं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड पीएसएने ग्रेड केलेलं पहिलं कार्ड, शेरा ८, आणि २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. पुढे २०१३मध्ये लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने आपण त्याच्या कडा छाटल्या होत्या अशी कोर्टात कबुली दिली — डबीवरचा आकडा कितीही मोठा असो, आपली नजर गहाण टाकायची नाही.

२६. कार्ड ओल्या फडक्याने पुसू नकोस, इस्त्रीखाली किंवा जाड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नकोस — सुधारायला गेलं कार्ड, की ‘फेरफार केलेलं’ असा शेरा येतो आणि आकडा मिळतच नाही.

२७. मागची बाजू विसरू नकोस — आपण चेहरा बघून खूश होतो, तपासणारा मात्र कार्ड उलटं करतोच.

२८. सही घ्यायची असेल तर आधी सहीची खातरी कोण करून देणार हे ठरव. पीएसएचा त्यासाठी पीएसए/डीएनए हा वेगळा विभाग आहे — खातरी नसलेली सही तपासणाऱ्याच्या दृष्टीने कार्डावर ओढलेली शाई ठरू शकते.

२९. पाठवण्याआधी तुझा स्वतःचा शेरा वहीत लिहून ठेव आणि आलेल्या शेऱ्याशी ताडून बघ — दोन-तीन खेपांत कळेल की कुठल्या कंपनीची नजर तुझ्या नजरेशी जुळते, आणि तीच तुझी कंपनी.

खिशाचा हिशेब

३०. एका कार्डाचा खर्च काढताना फी, जातानाचं कुरिअर, येतानाचं कुरिअर, विमा आणि लागला तर कर, सगळं बेरजेत धर — संकेतस्थळावर दिसते ती फक्त फी, आणि नगरला परत येईपर्यंत आकडा बराच फुगतो.

३१. वहीत तीन रकाने कर: शेरा ८ आला तर विक्री किती, ९ आला तर किती, १० आला तर किती. ९ला खर्च निघत असेल तरच पाठव — दहाच्या आशेवर फी भरली, तर नवाने झोप हरली.

३२. टॉप्सची क्रिकेट अटॅक्ससारखी खेळायची कार्डं भरपूर छापली जातात. त्यांतलं साधं कार्ड ग्रेड करण्यापेक्षा चांगल्या पाकिटात घालून ठेव — कार्डापेक्षा डबीच महाग पडली तर कोणतीच कंपनी कामाची नाही.

३३. भाव बघताना मागितलेली किंमत बघू नकोस, झालेली विक्री बघ — मागायला कुणी काहीही मागतं, खरं तेच जे कुणीतरी मोजलं.

३४. मायकेल जॉर्डनचं १९८६चं फ्लीअर कार्ड, पीएसए १०, जानेवारी २०२१मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं आणि त्याच वर्षात भाव बराच खाली आला — वर चढलेल्या भावाकडे बघून घाईने कंपनी निवडू नकोस, कार्ड परत येईपर्यंत बाजार बदललेला असतो.

३५. त्या जॉर्डनची पीएसए १०मधली संख्या तीनशेच्या वर आहे, आणि हे कंपनीच्या पॉप रिपोर्टमध्ये, म्हणजे मोजणीच्या तक्त्यात, कुणालाही दिसतं — दुर्मीळ कार्ड वेगळं आणि दुर्मीळ शेरा वेगळा, हे त्या एका तक्त्यावरून समजतं.

३६. अजिंक्यने डिसेंबर २०२०मध्ये मेलबर्नला ११२ धावा केल्या तशी खेळी झाली, की सगळ्यांना त्याच आठवड्यात कार्ड पाठवावंसं वाटतं. तू त्या आठवड्यात फक्त टाळ्या वाजव — घाईत पाठवलं, ते वर्षभर आठवलं.

३७. नव्या कंपनीकडे सगळा डबा एकदम रिकामा करू नकोस. आधी थोडी, मध्यम किमतीची कार्डं पाठवून बघ — वेळ, शेरा, पॅकिंग आणि उत्तर देण्याची तऱ्हा, चारही गोष्टी थोडक्या पैशात कळतात.

३८. ग्रेडिंगसाठी उसने पैसे घ्यायचे नाहीत, हे मात्र मी दटावून सांगतो — हौसेला हप्ता लागला की हौस उरत नाही.

डबीतून डबीत जाताना

३९. एका कंपनीच्या डबीतलं कार्ड दुसरीकडे तपासायला देणं याला क्रॉसओव्हर म्हणतात. अर्जात ‘किमान एवढा शेरा मिळाला तरच डबी बदला’ असं लिहिता येतं — तो रकाना रिकामा ठेवलास तर वरचा शेरा सोडून खालचा घरी येऊ शकतो.

४०. किमान शेरा मिळाला नाही आणि कार्ड जुन्याच डबीत परत आलं तरी फी लागते का, हा नियम पाठवण्याआधी वाच — परत आलेल्या कार्डापेक्षा न वाचलेला नियम जास्त टोचतो.

४१. बेकेटचं ९.५ पीएसएकडे नेण्याआधी त्यावरचे चार गुण वाच; मधोमधपणाला किंवा कोपऱ्याला ९ असेल तर तिथे १०ऐवजी ९ पडण्याची तयारी ठेव — बेकेट सरासरीच्या जवळ जाऊन सांभाळून घेऊ शकतं, पीएसएला मधला शेराच नाही.

४२. डबी फोडून कार्ड मोकळं करून पाठवायचं असेल तर आधी स्वस्त कार्डाच्या डबीवर हात बसव, आणि मौल्यवान कार्डाच्या बाबतीत फोडूच नकोस — प्लास्टिकची कपची उडाली, तर दहाच्या कार्डाचं सातचं व्हायला क्षण लागतो.

४३. फोडलेल्या डबीचं लेबल फेकू नकोस. त्या कंपनीला कळवून तो क्रमांक मोजणीतून काढायला सांग — नाहीतर एकच कार्ड दोन कंपन्यांच्या तक्त्यांत मोजलं जातं आणि पुढच्या पोरांना खोटी संख्या दिसते.

४४. ग्रेड झालेलं कार्ड विकत घेताना डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाक आणि तिथे चित्र असेल तर डाग, किनार, सगळं जुळवून बघ — नकली डब्याही फिरतात, आणि खऱ्या क्रमांकाची नक्कल करणं कठीण नसतं.

४५. एका खेळाडूचा संच करत असशील तर शक्यतो एकाच कंपनीच्या डब्या ठेव — पुढे संच म्हणून विकायचा किंवा कुणाला द्यायचा झाला तर सारख्या मापाचा, सारख्या शेऱ्याचा संच सांगायला सोपा जातो.

वाट, कागद आणि कायदा

४६. कार्ड आधी मऊ पारदर्शक पिशवीत, मग अर्धकडक पाकिटात, ज्याला कार्ड सेव्हर म्हणतात त्यात घाल. कडक टॉपलोडर टाळ — काढताना कोपरा घासला तर दोष कार्डाचा आणि शेरा तुझा.

४७. दोन पुठ्ठ्यांच्या मधे पाकिटं ठेव, चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेव आणि खोकं हलवून बघ — आतून आवाज आला तर अजून कागद भरायला जागा आहे.

४८. खोकं बंद करण्याआधी प्रत्येक कार्डाचा पुढून-मागून फोटो काढ आणि यादीची प्रत घरी ठेव — काही हरवलं तर तोंडी सांगण्याला कुणी विचारत नाही, फोटोला विचारतात.

४९. परदेशी पाठवताना आणि परत येताना सीमाशुल्काचे कागद लागतात. ‘तपासणीसाठी गेलेला आमचाच माल परत येतोय’ हे कसं लिहायचं ते कुरिअरवाल्याला आधीच विचार, आणि जातानाच्या कागदाची प्रत जपून ठेव — तोच कागद येताना कामाला येतो.

५०. बरीच मंडळी एका मध्यस्थामार्फत एकत्र खेप पाठवतात. खर्च वाटला जातो हे खरं, पण विमा कुणाच्या नावावर, किती दिवसांत परत आणि हरवलं तर जबाबदार कोण, हे तिन्ही लिहून घे — ओळख असली तरी नोंद असू दे, नोंद असली की ओळख टिकते.

५१. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू आणि नाणी परदेशी पाठवायला खाजगी माणसाला १९७२च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. घरात निजामशाहीचं तांब्याचं नाणं असेल तर ते अमेरिकेला ग्रेडिंगसाठी पाठवण्याचा विचारही नको — निजामशाही १४९० ते १६३६ची, म्हणजे ते शंभरी केव्हाच ओलांडून गेलंय.

५२. रणजितसिंहजींची छबी असलेली इंग्लंडमधली जुनी सिगारेट कार्डं कुणाकडे मिळाली तरी परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारपूस कर — विचारायला वेळ जातो, पण कायद्याच्या कचाट्यात सापडलं की हौस आणि झोप दोन्ही जातात.

नगरच्या हवेत सांभाळताना

५३. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कार्डं ठेवू नकोस — कार्डाला बाक येतो, आणि मग शेरा कमी आल्याचा दोष आपण कंपनीला देतो.

५४. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि त्या बदलत जा — चकाकत्या कार्डांचे पृष्ठभाग ओलाव्यात एकमेकांना चिकटतात.

५५. ग्रेड झालेल्या डब्याही उन्हात मांडू नकोस — प्लास्टिक ओरखडे अडवतं, शाईचं फिकं पडणं अडवत नाही.

५६. एक वही कर: कार्ड, कधी घेतलं, कितीला, कुठल्या कंपनीचा शेरा, क्रमांक, आणि कंपनी बदलली असेल तर कारण. ती वही कुठे आहे हे आईला सांगून ठेव — तुझ्यामागे कुणाला बघावं लागलं, तर या डब्यांत खेळणी आहेत की ठेवा, हे त्यांना कळलं पाहिजे.

माणसं आधी, डब्या नंतर

५७. कुणी वेगळ्या कंपनीच्या डब्या जमवत असेल तर त्याला हिणवू नकोस. त्याची गरज वेगळी असेल — वादाने मित्र जातो, आणि अदलाबदल करायला मित्रच लागतो.

५८. विकताना दोष स्वतः दाखव: ‘मागे उजव्या कोपऱ्यात ठिपका आहे’ — दोष सांगून विकलेलं कार्ड परत येत नाही, गिऱ्हाईक मात्र परत येतं.

५९. नव्वदच्या दशकात बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रं मिळायची. मोठ्यांच्या वह्यांत ती डिंकाने चिकटवलेली सापडतील, त्यांना ग्रेड मिळायचा नाही. ती उपटून काढू नकोस — वही फाटली तर चित्रही गेलं आणि ज्याने जमवलं त्याची आठवणही.

६०. झहीरने २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, कसोटीत ३११. त्याचं तुझं सगळ्यात लाडकं कार्ड घासलेलं असेल तर ते कुठेच पाठवू नकोस — जे विकायचं नाही, त्याला दुसऱ्याचा शेरा कशाला?

६१. वर्षातून एकदा वाडिया पार्कच्या आसपास खेळणाऱ्या लहान पोरांना जास्तीची कार्डं वाटून टाक — पुढचा संग्राहक तिथेच तयार होतो, आणि संग्राहक नसतील तर कुठल्याच शेऱ्याला भाव नाही.

तेव्हा बाळा, माझं सांगणं एवढंच. पुढची खेप पाठवण्याआधी कोऱ्या कागदावर एक ओळ लिही: ‘मी कंपनी बदलतोय, कारण…’ त्यापुढे वेळ, खर्च, विक्री, जुनं कार्ड, संच किंवा डोळ्यांचं समाधान यांपैकी काहीही आलं, तर निर्धास्त पाठव. तिथे फक्त ‘त्यांनी मला कमी शेरा दिला’ एवढंच आलं, तर खोकं बंद करू नकोस. डबी बदलली तरी आतलं कार्ड तेच राहतं. त्याची पारख आधी तुला आली पाहिजे, आणि ती तुला येईल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.